सातवी पाण्याखाली

"हसू नकोस," मी म्हणालो. "आधी सांग, यांना चोळ्या कुणी घातल्या?"

शालननं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. मी नुकताच शाळेतून आलो होतो. एका पायात चप्पल तशीच होती. समोर सोप्यातल्या भिंतीवर माझं चित्र होतं आणि चित्रातल्या सहा जलपऱ्या हिरव्या खणाच्या चोळ्या घालून माझ्याकडे बघत होत्या. काठाला जर, कपाळाला कुंकू, नाकात मोहरीएवढ्या मण्यांच्या नथी. सकाळी मी घरातून निघालो तेव्हा या सहा जणींच्या अंगावर मोकळे केस आणि दोन-चार कमळं यांखेरीज काही नव्हतं.

"आक्कानं," माझी बायको शेवटी म्हणाली. "दुपारभर खपत बसली होती. कुंकू तेवढं मी लावलं, ती लावत न्हाई म्हणून. मी म्हटलं, आक्का, त्येंना विचार तरी. तर म्हणाली, पावण्यांना काय विचारायचं त्यात? पावणं काय नको म्हणणारेत व्हय?"

"मी नकोच म्हणणार होतो!"

"हळू बोला की. दाराआड हाय ती."

दाराआड आक्का नेहमीच असायच्या. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मी माझ्या सासूबाईंचा चेहरा धड पाहिला नव्हता. त्या जुन्या वळणाच्या. जावयासमोर उभं राहायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मला दिसायचा तो डोईवरचा पदर, भाकरी पुढे करणारा हात आणि दाराच्या फटीतून अर्धा कोपर. शालन घरात असली की निरोप शालनमार्फत. ती नसली की मनी नावाच्या मांजरीमार्फत. "मने, पावण्यांना विचार, रस्सा वाढू का," असं आतून यायचं. मग मीही मनीकडे बघून म्हणायचो, "मने, सांग, अर्धी वाटी चालेल." माझ्या खाण्यापिण्याची जेवढी माहिती त्या मांजरीला होती, तेवढी माझ्या सख्ख्या भावालाही नव्हती.

मी कोकणातला. आईवडील लहानपणीच गेले. भावानं वाढवलं, मुंबईला चित्रकला शिकवली, आणि मी कोल्हापुरात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. शालन एकुलती एक. ती पाळण्यात असतानाच तिचे वडील तापानं गेले, असं मला सांगण्यात आलं होतं, आणि तिलाही तेवढंच माहीत होतं. लग्न ठरवताना तिच्या मामांनी विषय काढला की भाड्याची खोली कशाला घेता, घर मोकळंच आहे. मी हो म्हणालो आणि घरजावई झालो. घरजावयाच्या जेवणाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच होती, की त्या घरात एक खिळासुद्धा माझा नव्हता. सोप्यात सासऱ्यांचा फोटो, सासऱ्यांचं घड्याळ आणि आक्कांनी जर-टिकल्या लावून सजवलेली अंबाबाईची तसबीर. अशा तसबिरी सजवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. गल्लीतल्या बायका आपापले देव त्यांच्याकडे आणून टाकायच्या आणि चार दिवसांनी नटलेले देव घेऊन जायच्या. त्या घरात देवांचंही चांगलं चालायचं. मी मात्र पाहुणा तो पाहुणाच. गल्लीतली पोरंही मला 'पावणं' म्हणूनच हाक मारायची.

म्हणून मी शालनला बजावलं होतं. सोप्यात एक खिळा माझा, त्यावर माझ्या पसंतीचं चित्र. हे जमत नसेल तर शाळेजवळ मी खोली बघून ठेवली आहे, पहिल्या तारखेला आपण तिकडे. आईला एकटं टाकून जायचं शालनच्या जिवावर आलं होतं. पण ती वाद घालत बसली नाही. "मारा की खिळा," एवढंच म्हणाली. "कोण नको म्हणतंय?"

चित्रं माझ्याकडे पाच होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हेलियर नावाचा कुणी चित्रकार होऊन गेला, त्यानं जन्मभर जुन्या दंतकथांतल्या राण्या, चेटकिणी आणि पऱ्या रंगवल्या. त्याच्या चित्रांच्या मोठ्या छापील प्रतींचा एक संच मला शिकत असताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत सापडला होता. दोन चित्रांच्या मध्ये पातळ कागद, कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं. त्या संचापायी मी बरेच दिवस दुपारी नुसता चहा पिऊन राहिलो. लग्नानंतर मोठ्या हौसेनं शालनला तो दाखवला. हातात पेला धरून उभी असलेली चेटकीण बघून ती म्हणाली, "ही आपल्या पारूबाईगत दिसतीया. चहा घेऊनच जावा म्हणतीया." समुद्राकाठी नवऱ्याच्या गलबताची वाट बघणाऱ्या राणीकडे बघून म्हणाली, "हिला कुणीतरी घरात घ्या, वारं लागंल." हेलियरची इतकी काळजी त्याच्या मायदेशातही कुणी केली नसेल.

भिंतीसाठी मी त्यातलं सगळ्यांत देखणं निवडलं. काच-चौकट करून आणली, रविवारी सकाळी खिळा मारला आणि दुपारी जेवताना शालनला चित्राची गोष्ट सांगितली. जरा मोठ्यानंच सांगितली. दाराआड कान होते, आणि माझी पसंती किती थोर आहे ते तिकडेही कळायला हवं होतं.

"हा पोरगा आहे ना, काठावर वाकलेला," मी म्हणालो, "तो एका मोठ्या वीराचा सोबती. रूपानं राजबिंडा. त्यांचं जहाज किनाऱ्याला लागलं, याला घागर देऊन गोडं पाणी आणायला पाठवलं. तळ्यात या राहत होत्या. त्याला बघून भुलल्या. एकीनं मनगट धरलं, दुसरीनं दंड धरला आणि घेतला आत."

"मग?"

"मग काय? तो वीर हाका मारत रान तुडवत फिरला. घागर सापडली. पोरगा नाही सापडला."

"अगं बाई. आणि असलं तुम्ही भिंतीला लावताय?"

"त्याला काय होतंय? सुखात असेल तो खाली. मी बघ, रोज सकाळी रंकाळ्यावर पाण्यात पाय सोडून चित्रं काढत बसतो, मला कुणी बोलावत नाही. बोलावलं तर मी काही नाही म्हणणार नाही."

शालननं मला कोपरानं ढोसलं आणि त्याच क्षणी आत परात पडल्याचा केवढा तरी आवाज झाला. उघड्या बायका बघून सासूबाई हबकल्या, असा मी अर्थ लावला आणि मनातून खूश झालो. त्या दुपारी मात्र मनीकडून रश्श्याची विचारणा झाली नाही. मी कोरडा भात गिळून उठलो.

आणि आज या चोळ्या.

"शालन, हे चित्र आहे," मी शांतपणे समजावू लागलो. "यांच्या अंगावर कपडे नाहीत, कारण त्या पाण्यात राहतात."

"पाण्यात तर जास्तच गारठा," शालन म्हणाली. मग जरा गंभीर झाली. "आक्का म्हणतीया, या साती आसरा हायत."

आसरा मला ठाऊक होत्या. आमच्याकडेही विहिरीच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड असतातच. पाण्यात राहणाऱ्या सात जणी. त्यांना हिरवा खण द्यायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, म्हणजे त्या कुणाला आत ओढत नाहीत. पण हेलियरच्या परीला आसरा म्हणणं म्हणजे फारच झालं.

"सात कुठे आहेत? मोज. सहाच आहेत."

शालननं मोजल्या. दारापाशी गेली, आत काहीतरी कुजबुजली आणि परत आली.

"आक्का म्हणतीया, सातवी पाण्याखाली हाय."

मी चित्राजवळ गेलो. तळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे हेलियरनं नुसतं काळं पाणी रंगवलं होतं, तिथे कुंकवाचा एक ठिपका होता. माझ्या अंगावर काटा आला, पण राग त्याहून मोठा होता. त्या पोराला तेवढं काही केलं नव्हतं. त्याच्या कमरेला फक्त बोटभर जर दिसत होती.

"आणि याला करगोटा!" मी म्हणालो. "आता याला तेल लावून न्हाऊ घालायचं तेवढं राहिलं."

दार जरासं हललं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खुर्चीत बसून मुलांची चित्रं तपासत होतो, तेवढ्यात समोरच्या घरातली पारूबाई आली. चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला, चित्रापुढे नारळ ठेवला. नारळ माझ्या पायांशी आला म्हणून मला पाय वर घेऊन बसावं लागलं.

"लई जागृत दिसत्यात," ती म्हणाली.

"पारूबाई, हे इंग्लंडातलं चित्र आहे."

"आसंल की. पानी काय सगळीकडंच हाय." तिनं चिमटीत हळदकुंकू घेतलं. "आनि ह्यो त्येंचा भाऊ म्हसोबा न्हवं? त्येलाबी लावते."

"न्हाई!" दाराआडून आवाज आला. एवढा मोठा आवाज त्या दारातून मी कधी ऐकला नव्हता. "त्यो म्हसोबा न्हवं. त्येला कुंकू लावू नगंस."

"मग कोन त्यो?"

पारूबाईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. चित्र माझं, पण त्यातला पोरगा कोण हे मला विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती.

आठवडाभरात गल्ली लोटली. कुणी हिरव्या बांगड्या आणल्या, कुणी दहीभात. दहीभात मनीला फार मानवला. एका संध्याकाळी आमचे हेडमास्तर काही कामासाठी आले. त्यांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले, चित्राला हात जोडले आणि मग खुर्चीत बसून म्हणाले, "परबमास्तर, सासुरवाडीत अगदी रमलात तुम्ही." मी हसलो, पण त्यांच्या पाठोपाठ शाळेजवळच्या खोलीच्या मालकाकडे गेलो आणि सांगून आलो, की खोली ठेवा, पहिल्या तारखेला येतो.

रविवारी शालन दळण घेऊन गिरणीवर गेली. मी चित्र उतरवलं, कॉटवर पालथं घातलं आणि पक्कड घेऊन बसलो. मनी खिडकीत होती.

"मने," मी म्हणालो, "आक्कांना सांग, मी चोळ्या उतरवतोय. चित्र होतं तसं करणार. आणि पहिल्या तारखेला आम्ही खोलीवर जातोय. आक्कांनी राग मानू नये."

मी चौकटीच्या मागच्या बारीक चुका पकडीनं एकेक करून उपटल्या, पुठ्ठा काढला. मागची बाजू उघडी झाली आणि मी थबकलो.

पोराच्या कमरेची जर कागदातून आरपार मागे आली होती. मागे आली ती नुसती जर राहिली नव्हती. तिला गोधडी शिवायचा जाड पांढरा दोरा पिळून घातला होता. तो दोरा ताणून चौकटीच्या लाकडापर्यंत नेला होता, लाकडाला वेढे दिले होते आणि वर गाठी मारल्या होत्या. एक गाठ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर आणखी. समोरून बोटभर दिसणारी नटवानटवी, आणि मागे हे. जे कुणाच्या नजरेस पडणार नाही तिथे एवढ्या गाठी कशाला मारायच्या, ते मला कळेना. मी कात्री घेतली.

"त्यो दोरा कापू नगंस!"

मी आधी मनीकडे बघितलं. ती पंजा चाटत होती. मग वळलो. आक्का दारातून बाहेर आल्या होत्या. डोईवरचा पदर खांद्यावर आला होता. कानशिलाजवळ केस पांढरे झालेले, नाक हुबेहूब शालनचं. त्या सरळ माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. भाकऱ्या थापून राठ झालेला तो हात मी रोज बघत होतो, पण त्यात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. चित्रातल्या परीनंही त्या पोराला तसंच धरलं होतं. ही मात्र काठाकडे ओढत होती.

"त्येला बांधलाय म्या," त्या म्हणाल्या. "सोडलास तर जाईल त्यो."

"आक्का, अहो, कागद आहे हा..."

"कागद हाय त्ये कळतंय मला. मी काय येडी हाय व्हय?" त्या तिथेच कॉटला टेकून खाली बसल्या. मनगट सोडलं नाही. "शालनचा बा तापानं न्हाई गेला. गावच्या डोहात गेला. पट्टीचं पवणारं मानूस. बैलं धुवाया गेलं हुतं. बैलं तेवढी घरला आली."

कात्री माझ्या हातून कॉटवर पडली.

"तू ज्येवताना बोललास, घागर गावली आनि पोरगा न्हाई गावला. तवाच माझ्या हातनं परात पडली."

"शालनला माहीत नाही हे?"

"तिला कशापायी सांगू? जल्मभर पान्याला भ्याली असती. म्हनून तर गाव सोडून हितं भावाच्या आसऱ्याला आले."

"मग मला तरी सांगायचं, की रंकाळ्यावर बसू नको."

"कसं सांगनार?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "जावयाशी बोलत्यात व्हय?"

त्या हे इतक्या मनापासून म्हणाल्या, की मला हसू आलं. माझ्या जिवाची कुणी एवढी धास्ती घेतली असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आई गेल्यापासून माझी वाट कुणी बघितली नव्हती.

"पारूबाईनं सांगितलं मला," आक्का म्हणाल्या. "अगदी शेवटच्या पायरीवर बसतुस म्हनं, पाय बुडवून. तवापासनं मनीला कितींदा सांगितलं मी, बाई गं, पावण्यांना सांग, वर बसा म्हनावं. तू शाळंत गेल्यावर सांगत हुते."

"मी शाळेत गेल्यावर?"

"मग? तुझ्यासमोर कसं सांगू?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "त्यात तू म्हनालास, बोलावलं तर न्हाई म्हननार न्हाई. आसं पान्याजवळ राहनाऱ्यानं म्हनायचं आसतंय व्हय? मग मी त्येंना खण दिला. शालनच्या हातनं कुंकू लावलं. आनि त्येला बांधून ठेवला. मला दुसरं काय येतंय?"

एवढं बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. जावयाचं मनगट. मग हात डोक्याकडे गेला, तिथे पदर नव्हता. त्या चटका बसल्यासारख्या उठल्या, पदर ओढून घेतला आणि दाराआड गेल्या. दार लागलं. मनी पंजा चाटायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी पुठ्ठा पुन्हा बसवला. चुका ठोकल्या. बसवण्याआधी शेवटच्या गाठीवर आणखी एक गाठ मारली, ती माझी. मग चित्र उचलून त्याच खिळ्यावर टांगलं.

शालन डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आली. तिनं चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय ओ? चोळ्या उतरवणार होता नव्हं?"

"निघाल्या नाहीत," मी म्हणालो. "तुझ्या आईची खळ पक्की आहे."

"आणि खोली?"

"खोलीत ऊन येत नाही."

"परवा तर म्हणालात, लई ऊन येतंय."

"तेच म्हणतोय मी. पीठ सांडतंय तुझं."

शालन डबा सावरत आत गेली. आत दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण त्या दुपारी माझ्या ताटात रस्सा न विचारता आला आणि वाटी काठोकाठ भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मी वही काखेत मारली. शालन नळावर गेली होती. चपला पायात सरकवत होतो तेवढ्यात दाराच्या फटीत पदराचा काठ दिसला.

"मने," आतून आवाज आला, "त्येला सांग, वरच्या पायरीवर बसायचं म्हनावं. आनि न्याहारी गार व्हायच्या आत घरला."

'पावण्यांना' नाही, 'त्येला'. मी उंबऱ्यात थांबलो. चप्पल धड पायात जाईना.

"मने," मी म्हणालो, "आईला सांग, वरच्याच पायरीवर बसतो."

मी सवयीनं खाली बघितलं, मग खिडकीत बघितलं. मनी घरात नव्हतीच. ती समोर पारूबाईच्या कट्ट्यावर उन्हात झोपली होती.